मणक्यातला गॅप

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या बचत गटाची मीटिंग असते. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली, मधोमध पैशांचा डबा आणि वही, भोवती बाराजणी. त्या दिवशी रंजना आली ती कमरेला रुंद पट्टा बांधून आणि हातात भलंमोठं पांढरं पाकीट घेऊन. सगळ्याजणी खाली बसलेल्या, ही मात्र भिंतीला टेकून उभीच.

"अगं, बस ना," मी म्हटलं.

"खाली बसायला मनाई आहे, ताई. मणक्यात गॅप आलाय."

झालं! हप्ते, व्याज, पुढच्या महिन्याचं कर्ज सगळं बाजूला राहिलं. "माझ्या जावेलाही गॅप आहे," एक म्हणाली. "आमच्या आईला तर दोन ठिकाणी आहे," दुसरी म्हणाली. पाकिटातली फिल्म बाहेर निघाली, खिडकीच्या उजेडात धरली गेली. त्या काळ्या-पांढऱ्या चित्रातलं आमच्यापैकी कुणालाच काही कळत नव्हतं, तरी सगळ्याजणी हळहळल्या.

रंजना (नाव बदललं आहे) ३८ वर्षांची. कॉलेजच्या मुलांना पोळीभाजीचे डबे देते. रोजचे बावीस डबे. तीन आठवड्यांपूर्वी गॅसची भरलेली टाकी सरकवताना तिच्या कमरेत उसण भरली. चार दिवस घरीच शेक, मलम केलं. पाचव्या दिवशी पेठेतल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि "मनात शंका नको, एकदा फोटो काढून घ्या" म्हणून चिठ्ठी लिहिली. फोटो म्हणजे एमआरआय. तो जिल्ह्याच्या गावी निघतो. साडेपाच हजार फोटोचे, बाकी जाण्यायेण्याचे आणि पट्ट्याचे. त्यासाठी तिने गटातून सात हजारांचं कर्ज घेतलं, शेकडा दोन रुपये व्याजाने. त्या अर्जावर सही माझीच होती.

रिपोर्ट आल्यापासून वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. डबे बंद. मुलांनी दुसरीकडे सोय केली. कमाई थांबली आणि कर्जाचा हप्ता सुरू झाला. दुष्काळात तेरावा महिना तो असा.

मी तिला एकच विचारलं, "डॉक्टरांनी तपासलं कसं गं?"

"तपासलं की. बीपी बघितलं."

"तसं नाही. टेबलावर झोपवून, पाय उचलून बघितला? पाठीला हात लावला?"

"नाही बाई. केवढी गर्दी असते त्यांच्याकडे!"

हा प्रश्न मला सुचला, त्याला मंगलची गोष्ट कारणीभूत आहे. ती पुढे सांगणारच आहे. आधी रंजनाच्या गॅपचं बघू.

गॅप तर हवाच!

मी कला शाखेची पदवीधर. शास्त्राचं आणि माझं शाळेपासूनच फारसं जमलं नाही. पण माझी भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. रंजनाच्या रिपोर्टचा फोटो मी तिला मोबाइलवर पाठवला आणि रात्री फोन लावला. ती आधी हसली.

"मावशी, दोन मणक्यांमध्ये गॅप तर हवाच! नसेल तर पंचाईत. प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. एक्स-रेत हाडं दिसतात, ती गादी दिसत नाही. तिच्या जागी मोकळी फट दिसते. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, ती थोडी दबते आणि फट कमी होते. रिपोर्टात लिहितात, जागा कमी झाली. तेच पेशंटच्या तोंडी होतं, गॅप आला!"

म्हणजे आपण सगळ्याजणी इतकी वर्षं उलटंच बोलत होतो. आणि रंजनाच्या रिपोर्टातला 'डिस्क बल्ज' म्हणजे ती गादी किंचित बाहेर फुगलेली. त्याबद्दल भाचीने जे सांगितलं ते ऐकून मी वहीच काढून बसले.

१९९४ मध्ये अमेरिकेत ९८ माणसांच्या कमरेचे एमआरआय काढले. गंमत अशी की, यातल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांमध्ये निदान एका ठिकाणी गादी फुगलेली सापडली. सगळ्या गाद्या अगदी ठीकठाक असलेले फक्त ३६ टक्के! पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात तीन हजारांहून अधिक माणसं होती, सगळी न दुखणारी. विशीतल्या दर शंभरांत ३० जणांची गादी फुगलेली, तर ऐंशीतल्या ८४ जणांची. गादीची झीज तर विशीतच ३७ जणांत आणि ऐंशीला ९६ जणांत.

"केस पांढरे होतात ना मावशी, तसंच हे," भाची म्हणाली. "पांढरा केस दिसला म्हणून डोकं दुखण्याचं कारण तोच, असं म्हणतो का आपण?"

याचा अर्थ रंजनाची कंबर दुखत नव्हती असा मुळीच नाही. दुखत होतीच, आणि चांगलीच दुखत होती. पण त्या फोटोत दिसलं तेच दुखण्याचं कारण, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तो बल्ज टाकी सरकवण्याच्या आधी पाच वर्षांपासून तिथे असू शकतो.

चौघांतल्या एकाला फोटो

मग डॉक्टर फोटो काढायला सांगतात तरी किती? आपल्या गावात याची मोजदाद कोण ठेवतो! पण बाहेरच्या देशांत ती ठेवली गेली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २१ वर्षांमधले ४५ अभ्यास एकत्र केले. कंबरदुखीसाठी डॉक्टरकडे झालेल्या जवळपास दोन कोटी भेटी त्यात होत्या. फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्या दर चौघांमागे साधारण एकाला कमरेचा कुठला ना कुठला फोटो काढायला सांगितलं होतं. साध्या एक्स-रेपेक्षा मोठे फोटो, म्हणजे सीटी स्कॅन आणि एमआरआय, १९९५ मध्ये शंभरातल्या सुमारे सातजणांना सांगितले जात. २०१५ पर्यंत ते प्रमाण अकरावर गेलं.

हे विशेष अशासाठी की, याच काळात डॉक्टरांच्याच संघटना उलटं सांगत होत्या. अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ मध्ये आपल्या सभासदांना बजावलं, की धोक्याची लक्षणं नसतील तर कंबरदुखीच्या पहिल्या सहा आठवड्यांत फोटो काढू नका. इंग्लंडमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी २०१६ मध्ये हेच सांगितलं. कारण २००९ मध्येच सहा चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले होते. अठराशेहून अधिक रुग्णांपैकी काहींचा लगेच फोटो काढला, काहींचा नाही. दुखणं कमी होण्यात किंवा कामाला लागण्यात दोघांत काहीच फरक पडला नाही.

फरक पडत नाही तर पडू दे, निदान मनाची शांती, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटलं. पण शांती राहिली बाजूला, रंजनाची झोप उडाली होती! कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधले मणक्याचे प्रसिद्ध सर्जन डॉ. एस. राजसेकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याचाच अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेले ४४ रुग्ण घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला एमआरआयचा रिपोर्ट शब्दशः समजावून सांगितला. दुसऱ्या गटाला सांगितलं, की तुमचा फोटो ठीक आहे, जे दिसतंय ते वयानुसार सगळ्यांनाच होतं. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर ज्यांनी रिपोर्टातले शब्द ऐकले होते त्यांचा धीर खचलेला होता. त्यांची कामंही दुसऱ्या गटापेक्षा कमी होत होती.

शब्दच तो! पण 'गादी सरकली', 'नस दबली', 'मणका झिजला' असे शब्द एकदा कानावर पडले, की बाई स्वतःला काचेचं भांडं समजायला लागते. वाकत नाही, चालत नाही. स्नायू आखडतात, मग दुखणं आणखी वाढतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

एक्स-रेबद्दलही एक गोष्ट आपल्याला माहीत हवी. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, तो लोहचुंबकाच्या तत्त्वावर चालतो. पण कमरेच्या एक्स-रेमध्ये आणि सीटीमध्ये तो असतो, आणि छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय बीजकोश नेमके त्याच जागी येतात. म्हणून पाळी चुकलेली असेल, दिवस राहिल्याची नुसती शंका जरी असली, तरी फोटो काढण्याआधी ती सांगायलाच हवी. लाजून गप्प बसायचं नाही.

डॉक्टरांची बाजू

पेठेतले डॉक्टर मला परके नाहीत. वीस वर्षं आमच्या घरातली सर्दी-तापाची औषधं त्यांचीच. म्हणून एका दुपारी दवाखाना रिकामा असताना मी सरळ जाऊन बसले. जरा भीत भीतच विषय काढला. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, सकाळच्या वेळात माझ्याकडे साठ पेशंट येतात. कंबर नीट तपासायची तर पंधरा मिनिटं लागतात. चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट. आणि मी फोटो सांगितला नाही, तर पेशंट बाहेर जाऊन काय म्हणतो? डॉक्टरला काही समजत नाही, नुसत्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तो समोरच्या दवाखान्यात असतो. अर्ध्या लोकांना तर मी सांगायच्या आधीच फोटो हवा असतो. आणि शंभरात एखादा खरंच गंभीर निघाला आणि माझ्याकडून सुटला, तर दवाखान्याच्या काचा कोणाच्या फुटणार?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मनात होतं ते मी विचारलंच. "आणि कमिशन?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "पाकिटं येतात," ते म्हणाले. "मी परत पाठवतो असं सांगितलं, तर तुम्ही विश्वास ठेवाल का?"

मी काहीच बोलले नाही. त्यांच्यावर विश्वास आहे, पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडून आलं नाही हेही खरं. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं किंवा देणं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार गैर आहे. महाराष्ट्र सरकारने तर २०१७ मध्ये या 'कट प्रॅक्टिस'विरोधात कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली होती. पुण्याचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये एक पुस्तकच लिहिलं. या धंद्याबद्दल डॉक्टरच त्यात मोकळेपणाने बोलले आहेत. म्हणजे रोग सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक चिठ्ठीमागे पाकीटच असतं असं म्हणणंही अन्यायाचं. गर्दी, भीती आणि आपला स्वतःचा हट्ट, हेही त्या चिठ्ठीवर सही करत असतात.

मंगलचं दुखणं

आता मंगल. (हेही नाव बदललेलं.) आमच्या गावाजवळच्या वाडीतली, वय २९. दुसरं बाळंतपण होऊन आठ महिने झाले होते. पाठ दुखते म्हणायची. सासू म्हणायची, "बाळंतपणात शेक नीट घेतला नाही, आता भोगा." नवरा म्हणायचा, "खुरपायला जायचं म्हटलं की हिची पाठ दुखते." दर आठवड्याला एक इंजेक्शन घ्यायची, दोन दिवस बरं, पुन्हा तेच. कोणीतरी सांगितलं म्हणून पायाळू माणसाचा पायही पाठीला लावून झाला.

उसण भरली की पायाळू शोधायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. उसण बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत आपोआपच जाते आणि श्रेय पायाळूला मिळतं. पण मंगलची उसण नव्हतीच. झोपलं तरी दुखायचं, रात्री जास्त दुखायचं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ब्लाउज ढिले झाले होते. हे सगळं तिने मला महिला मेळाव्याच्या वेळी सांगितलं होतं. आणि मी काय म्हणाले? "अंगावर पाजतेस ना, मग होणारच असं. डिंकाचे लाडू खा, लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस."

आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. वीस वर्षं बायकांच्या आरोग्याची शिबिरं भरवणारी मी! दुखणं तिच्या तोंडून ऐकलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन महिन्यांनी कळलं, की चालता चालता तिच्या पायातली चप्पल निसटते आणि तिला समजतही नाही. पाय जड झाले होते. तेव्हा कुठे धावपळ झाली. सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने तिला झोपवलं, पाठीचा कणा बोटांनी ठोकून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली आणि त्याच दिवशी एमआरआय करायला पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. टीबी फक्त फुफ्फुसाचा असतो, खोकला येतो, एवढंच आपल्याला माहीत. पण तो हाडालाही होतो, आणि हाडांत सगळ्यांत जास्त मणक्यालाच. गाठ किंवा पू मज्जारज्जूवर दाब देऊ लागला, तर पाय कायमचे जाऊ शकतात.

मंगल वाचली. सरकारी योजनेतून औषधं मोफत मिळाली, ती वर्षाहून अधिक काळ घ्यावी लागली. आज ती चालते, मात्र उतारावर अजून कोणाचा तरी हात धरते.

आता या दोघी शेजारी शेजारी ठेवून बघा. जिला फोटोची गरज नव्हती, तिचा पाचव्या दिवशीच निघाला, तोही कर्ज काढून. आणि जिला तातडीने हवा होता, तिचा महिनोन् महिने निघालाच नाही. म्हणजे फोटो वाईट की चांगला, हा वादच नाही. दोघींच्या बाबतीत चुकलं ते एकच. आधी कोणी नीट विचारलं नाही आणि हात लावून तपासलं नाही.

दुखतंय, एवढं पुरत नाही?

एक गोष्ट मात्र मला पेठेतल्या डॉक्टरांनी सांगितली नाही, ती रंजनाने सांगितली. भाचीने सांगितलेलं सगळं मी तिला समजावलं आणि म्हटलं, "बघ, उगीच साडेपाच हजार गेले." ती म्हणाली, "ताई, उगीच कसे? दुखतंय दुखतंय म्हणून मी चार दिवस रडत होते, तेव्हा घरात कोणी ढुंकून बघितलं नाही. फोटो आला, त्यात गॅप निघाला, तेव्हा यांनी माझ्या हातातून पाण्याची कळशी घेतली. चौदा वर्षांत पहिल्यांदा."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

आपल्या घरांमध्ये बाईचं दुखणं कागदावर आल्याशिवाय खरं होत नाही. पुरुषाने 'कंबर धरली' म्हटलं की गादी टाकली जाते, हळद-दूध येतं. बाईने म्हटलं की, "सगळ्यांच्याच दुखतात." मग ती बिचारी फोटोसाठी हट्ट धरते. तो फोटो रोगाचा शोध घेण्यासाठी नसतोच, तो साक्षीदार म्हणून असतो. आणि कंबरदुखी म्हणजे काही लहानसहान दुखणं नाही. २०२० मध्ये जगभरात ६० कोटींहून अधिक लोकांना ती होती, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तिचं प्रमाण जास्त आहे. त्यातल्या बहुतेकांच्या फोटोत दुखण्याचं नेमकं कारण सापडत नाही. म्हणून काय ते सगळे सोंग करतात?

मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा

भाचीने सांगितलेलं आणि सरकारी रुग्णालयातल्या त्या डॉक्टर मुलीकडून पक्कं करून घेतलेलं इथे देते. कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंत तरी चालेल.

नुसती उसण, लचक भरली असेल, पाय सुन्न नाहीत, ताप नाही, तर बहुतेक जणींचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं. एखादा दिवस पडून राहायला हरकत नाही, पण अंथरूण धरायचं नाही. जमेल तेवढं चालायचं, हलकी कामं करत राहायची, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाला आणि रुग्णाला नीट माहिती देण्याला महत्त्व दिलं आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असंही त्यांत सांगितलं आहे. रंजनाचा पट्टा साडेसातशेचा होता!

पण खालचं काहीही असेल, तर 'बायकांच्या कमरा दुखतातच' असं कोणालाही म्हणू देऊ नका, आणि स्वतःही म्हणू नका:

बारीक ताप, विशेषतः संध्याकाळचा; कारण नसताना घटणारं वजन; विश्रांती घेऊनही किंवा रात्रीही न थांबणारं दुखणं; पूर्वी कधी झालेला कॅन्सर; पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. पाळी गेलेल्या किंवा बरीच वर्षं स्टिरॉइडची औषधं घेतलेल्या बाईची हाडं ठिसूळ असतात. तिचा मणका साध्या धक्क्यानेही दबून मोडू शकतो, तिथे एक्स-रे हवाच. पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, चप्पल निसटणं, हेही वाट बघण्यासारखं नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे बायका लाजेपोटी सांगत नाहीत ते. लघवी अडली, किंवा कधी झाली ते कळेनासं झालं, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जायचं. उद्यावर टाकायचं नाही. इथे एक दिवसाचा उशीरही आयुष्यभराला पुरतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर हे सगळं आपणहून सांगायचं. "मला झोपवून तपासता का?" असं विचारायचं. पाय सरळ ठेवून वर उचलणं, पायाचा अंगठा दाबाविरुद्ध वर उचलायला लावणं, टाचांवर आणि चवड्यांवर चालवणं, गुडघ्यावर हातोडी, एवढ्यातून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. आणि फोटोची चिठ्ठी हातात आली, तर नम्रपणे तीन प्रश्न: तुम्हाला कशाची शंका आहे? फोटोत काही निघालं किंवा नाही निघालं, तर औषधात काय बदल होईल? चार-सहा आठवडे थांबलं तर चालेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. पेठेतले आमचे डॉक्टर तर म्हणाले, "असं विचारलं तर मलाही चिठ्ठी न लिहिण्याचा धीर येईल."

रंजनाला आम्ही जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे तिला वीस मिनिटं तपासलं आणि तिच्या नसांना, ताकदीला काहीही झालेलं नाही असं सांगितलं. फिजिओथेरपीचे पाच व्यायाम शिकवले. दोन महिन्यांनी दुसऱ्या शनिवारी ती मीटिंगला आली ती बिनपट्ट्याची, आणि सगळ्यांबरोबर सतरंजीवर मांडी घालून बसली. बावीसपैकी चौदा डबे परत मिळालेत. कर्जाचे चार हप्ते अजून बाकी आहेत.

"आणि कळशी?" मी विचारलं.

ती हसली. "गॅप नाही म्हटल्यावर सवलत पण संपली, ताई. परत माझ्याच कमरेवर."

पुढच्या मीटिंगला आम्ही नवऱ्यांनाही बोलावलं आहे. विषय वहीत लिहून ठेवलाय, फक्त दोन शब्दांचा: पाण्याची कळशी.